जुन्या स्लेडची हिवाळ्यापूर्वीची सर्व्हिस : पैसे कशाला मोजावेत, कशाला नाही

उत्तर मिनेसोटातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी माझी 1990च्या दशकातली पोलारिस इंडी 500 ही स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी, इथल्या बोलीत स्लेड) या वर्षी हिवाळ्यापूर्वीच्या पूर्ण सर्व्हिसला दिली होती. त्या सर्व्हिसचे हे परीक्षण आहे. वर्कशॉपचे नाव देणे मी टाळले आहे, कारण कौतुकाबरोबर काही तक्रारीही मांडायच्या आहेत. शिवाय या भागातली बरीच छोटी वर्कशॉप थोड्याफार फरकाने असेच ‘विंटर पॅकेज’ देतात, त्यामुळे नावापेक्षा पॅकेजात काय असते आणि काय नसते हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. कार्ब्युरेटर आणि क्लच यांच्या कामाला दिलेले पैसे पुरेपूर वसूल झाले. पॅकेजातले उरलेले बरेचसे काम घरच्या गराजमध्ये अर्ध्या दिवसात होण्यासारखे होते. आणि जे काम गाडी आडवी पाडून, खाली वाकून करायला हवे होते, ते पॅकेजात नव्हतेच.

प्रथम गाडीविषयी थोडेसे. पोलारिसची सुरुवात 1954 साली मिनेसोटातल्याच रोझो या कॅनडाच्या सीमेजवळच्या गावी झाली आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी आर्क्टिक कॅटही थीफ रिव्हर फॉल्सची, म्हणजे त्याच परिसरातली. त्यामुळे इथल्या लहान गावांतल्या मेकॅनिकना या गाड्या शाळकरी वयापासून ठाऊक असतात, आणि हा अनुभव शहरातल्या चकचकीत शोरूममध्ये मिळत नाही. इंडी 500 मध्ये पाण्याने थंड होणारे, सुमारे 490 सीसीचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन असते आणि त्याला मिकुनीचे व्हीएम जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. ऑइल टाकीतून पंपाने आपोआप येते, पेट्रोलमध्ये मिसळावे लागत नाही. हवामान ओळखून पेट्रोल कमी-जास्त करणारा कॉम्प्युटर मात्र तिच्यात नाही. नव्या फ्युएल-इंजेक्शनच्या गाडीला आज शून्य अंश आहे की उणे 30, हे तिचे तिला कळते. या गाडीला ते माणसाने सांगावे लागते. जुन्या स्लेडच्या ट्यूनिंगचे सगळे मर्म या एका गोष्टीत आहे आणि म्हणूनच कार्ब्युरेटरच्या कामावर मी या परीक्षणात सर्वांत जास्त लिहिणार आहे.

थंडीत हवा दाट होते. शून्य अंशाच्या हवेपेक्षा उणे 30 अंशांची हवा सुमारे 12 टक्के अधिक दाट असते. कार्ब्युरेटरच्या मुख्य जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, येणारे पेट्रोल मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी मिश्रण लीन होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, ज्वलनाचे तापमान वाढते, आणि थ्रॉटल पूर्ण दाबून गोठलेल्या तळ्यावरून दोन-तीन मैल सुसाट गेलात, तर पिस्टनचा माथा वितळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. गाडीला सर्वांत गोड पळवणारी थंडी आणि इंजिनाचा घास घेणारी थंडी एकच असते, हे नवख्या माणसाला पटायला वेळ लागतो. यासाठी कंपनीने या गाड्यांबरोबर एक तक्ता दिलेला असतो : एका बाजूला समुद्रसपाटीपासूनची उंची, दुसऱ्या बाजूला तापमान, आणि चौकटीत कोणत्या क्रमांकाचा मुख्य जेट घालावा ते. क्रमांक मोठा तितके भोक मोठे आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. मिनेसोटातले सर्वांत उंच शिखर ईगल माउंटन जेमतेम 2,301 फूट असल्यामुळे इथे उंचीचा रकाना जवळजवळ एकच राहतो आणि निर्णय तापमानावर होतो. तीच गाडी ट्रेलरवर घालून 6,600 फुटांपलीकडच्या वेस्ट यलोस्टोनला नेली, तर हिशेब उलटा होतो आणि जेट लहान करावे लागतात.

वर्कशॉपमधल्या वयस्क मेकॅनिकने गाडी आत घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला की मी कुठे आणि किती थंडीत फिरते. माझे फिरणे मुख्यतः दुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत जाणाऱ्या 146 मैलांच्या नॉर्थ शोर ट्रेलवर आणि तेही जानेवारी-फेब्रुवारीत, हे ऐकल्यावर त्याने आत बसवलेले जेट काढून त्यांचे क्रमांक भिंगाखाली वाचले. आधीच्या मालकाने दोन्ही कार्ब्युरेटरांत सौम्य थंडीचे जेट ठेवले होते. मेकॅनिकने ते बदलून कडाक्याच्या थंडीचे घातले आणि जुने एका प्लॅस्टिकच्या डबीत घालून, डबीवर क्रमांक लिहून माझ्या हाती दिले. मार्चमध्ये बर्फ ओले होऊ लागले की ते परत घालायचे, नाहीतर गाडी रिच चालेल, प्लग काळे पडतील आणि पेट्रोलही जास्त जाईल, असे त्याने बजावले. रिच चालल्याने प्लग बिघडतो, लीन चालल्याने इंजिन बिघडते, म्हणून शंका असेल तेव्हा मोठ्या जेटकडे झुकावे, हा त्याचा सल्ला मला रास्त वाटला.

पायलट जेटची कथा वेगळी आहे. इंजिन आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न दाबता नुसते चालू असताना पेट्रोल या बारीक जेटमधून येते, आणि उन्हाळाभर टाकीत व कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोटच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून गेल्यावर जो चिकट पिवळट थर उरतो, तो सर्वांत आधी याच भोकात बसतो. मेकॅनिकने माझ्या गाडीचा एक पायलट जेट चिमट्यात धरून दिव्यासमोर केला, तेव्हा आरपार उजेड दिसायला हवा तिथे काही दिसत नव्हते. दुसऱ्यात उजेड होता, पण गोल न दिसता चंद्रकोरीसारखा. असा जेट तार घालून साफ करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तसे केल्यास मऊ पितळेचे भोक किंचित मोठे होऊन जेटवरचा क्रमांक खोटा ठरतो. इथे क्लीनरमध्ये भिजवणे आणि दाबाच्या हवेने फुंकणे एवढेच केले गेले, आणि ज्यात चंद्रकोर राहिली तो सरळ बदलला. फ्लोटची सुई आणि तिची बैठकही नवी घातली. या नव्या भागांचे बिल फारसे नव्हते. वेळ जातो तो कार्ब्युरेटर काढण्यात आणि परत बसवण्यात.

ज्यासाठी मी या वर्कशॉपला पैकीच्या पैकी गुण देईन ते काम त्यानंतरचे. दोन कार्ब्युरेटर असले की दोघांचे स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारे सरकते भाग, एकाच क्षणी आणि सारखेच उचलले गेले पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा लोंबकळतो. मेकॅनिकने ड्रिलच्या एकाच मापाच्या दोन बिटांचे गुळगुळीत दांडे दोन्ही स्लाइडांखाली सरकवले आणि केबलचे नट पाव-पाव फेरा फिरवत दोन्ही दांडे सारख्याच ओढीने निघतील इथपर्यंत आणले. मग थ्रॉटलचा लिव्हर हळूच दाबून स्लाइड हलायला लागतात त्याच वेळी ऑइल पंपाच्या लिव्हरवरची खूण जुळते का, हे मला वाकून बघायला लावले. अनेक जण कार्ब्युरेटर जुळवतात आणि हा पंप तसाच सोडतात. मग केबलचा ताण बदलल्याने ऑइल कमी जाते आणि महिन्याभरात पिस्टन घासतो. शेवटी एअर स्क्रू. व्हीएम कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू हवेचा असल्यामुळे आत फिरवला की मिश्रण रिच होते आणि बाहेर काढला की लीन. इतर काही कार्ब्युरेटरांत हे नेमके उलटे असते, म्हणून दुसऱ्या गाडीवर शिकलेला हात इथे चालवू नये.

रबराच्या ज्या नळीवजा कॉलरने कार्ब्युरेटर इंजिनाला जोडलेला असतो, तिला तीस वर्षांत बारीक भेगा पडतात. बाहेरून ती ठीक दिसते. वाकवली की भेग उघडते. तिथून जादा हवा आत गेली की जेट कितीही योग्य घातलेला असला तरी सिलिंडर लीनच चालतो. वर्कशॉपने दोन्ही कॉलर वाकवून पाहिल्या, एक बदलली, आणि मग इंजिनाची तोंडे बंद करून आत थोडा दाब भरून तो टिकतो का हे तपासले. ही चाचणी क्रँकच्या टोकांची सील शाबूत आहेत का हेही सांगते. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, तोही मोजला : थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दोन्ही सिलिंडरांचे आकडे घेतले आणि त्यांतला फरक 10 टक्क्यांच्या बराच आत निघाला. जुनी स्लेड विकत घेण्यापूर्वीच या दोन चाचण्या करून घ्याव्यात असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विकणारा त्यांना तयार नसेल तर व्यवहार सोडावा.

क्लचविषयी मराठी वाचकांना समजावणे तुलनेने सोपे आहे, कारण 1984 साली आलेली कायनेटिक होंडा ज्यांनी चालवली आहे त्यांनी हेच यंत्र पायाखाली वापरले आहे. गिअर नाहीत, दोन पुली आणि त्यांच्यामध्ये रबरी पट्टा. इंजिनाकडच्या पुलीतली वजने वेगाबरोबर बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो, आणि मागची पुली त्याच वेळी उघडत जाते. फरक एवढाच की इथे त्या पट्ट्यातून स्कूटरच्या कैक पट ताकद जाते आणि तीही उणे वीस अंशांत. तबकड्यांवर पट्ट्याच्या रबराचा चकचकीत थर चढला असेल, तर पट्टा घसरतो, जळका वास येतो, आणि इंजिन ओरडत असूनही गाडी हलत नाही. वर्कशॉपने पुढचा क्लच खास पुलरने काढून रोलर, बुशिंग आणि स्प्रिंग पाहिले, तबकड्या खरखरीत पॅडने व अॅसिटोनने पुसल्या, आणि पट्ट्यावर सरळ पट्टी ठेवून मधोमध दाबल्यावर तो साधारण सव्वा इंच खाली जातो याची खात्री केली. हा ढिलेपणा कमी असेल तर आयडलवरही गाडी पुढे रेंगाळते, आणि जास्त असेल तर सुरुवातीची उचल मंदावते.

माझा पट्टा रुंदीला झिजलेला आणि कडांना काचेसारखा झाला होता, तो बदलला. नवा पट्टा बसवण्यापूर्वी कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन कारखान्यातला तेलकट थर काढण्याची आणि सुरुवातीचे मैल संथ चालवण्याची सूचना मिळाली, ती योग्यच आहे. जुना पट्टा मात्र त्यांनी विचारल्याशिवाय कचऱ्यात टाकला होता, तो मी मागून घेतला. रानात वीस मैलांवर पट्टा तुटला, तर अर्धवट झिजलेला जुना पट्टाही गाडी घरापर्यंत आणतो, आणि हुडखाली त्याला जागा केलेलीच असते.

आता तक्रारी. पॅकेजात दोन प्लग बदलणे, ग्रीस भरणे, चेनकेसमधले (ट्रॅक फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीतले) ऑइल बदलणे आणि कूलंट तपासणे यांचे जे पैसे लावले, ते कामाच्या मानाने अवाजवी होते. प्लग तर वाहनाचे काही न कळणारा माणूसही बदलू शकतो. ग्रीस भरायच्या जागा मोजक्या आहेत, ग्रीसगन तीस-चाळीस डॉलरांत मिळते, आणि सस्पेन्शनच्या शाफ्टांना हंगामात एकदाच ग्रीस भरून भागत नाही, म्हणजे ती घरी असायलाच हवी. कूलंट आणि पाणी यांचे प्रमाण निम्मे-निम्मे असेल तर ते उणे 37 अंश सेल्सियसपर्यंत टिकते. तपासणीच्या साध्या उपकरणाने हे दोन मिनिटांत कळते. फेब्रुवारी 1996 मध्ये टॉवर या गावी पारा उणे 60 फॅरनहाइटपर्यंत उतरला होता हे खरे, पण त्या दिवशी शहाण्या माणसाने घराबाहेर पडायचेच नसते.

याहून मोठी तक्रार गाडीच्या पोटाची आहे. ट्रॅक, म्हणजे गाडीला पुढे ढकलणारा खालचा रुंद रबरी पट्टा, ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांना इथे हायफॅक्स म्हणतात. त्या झिजून खालच्या अॅल्युमिनियमच्या रेलपर्यंत पोहोचल्या, तर ट्रॅकच्या धातूच्या क्लिपा रेल खाऊ लागतात. ट्रॅकला आतून आधार देणाऱ्या बोगीच्या चाकांचे बेअरिंग उन्हाळ्यात गंजतात आणि हाताने फिरवले की खरखर ऐकू येते. ट्रॅकचा ताण आणि तो मधोमध धावतो का, स्कीखालच्या कार्बाइडच्या सळ्या अर्ध्याहून जास्त झिजल्या आहेत का, दोन्ही स्की पुढच्या बाजूला किंचित बाहेर वळलेल्या आहेत का, या सगळ्या गोष्टी ‘पूर्ण सर्व्हिस’ या शब्दांत येतात अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात यातले काहीच पाहिले गेले नव्हते. गाडी घरी आणून मागून उचलून ट्रॅक हाताने फिरवला तेव्हा एक बोगी अडकत होती आणि डावी हायफॅक्स झिजेच्या खुणेपाशी आलेली होती. विचारल्यावर उत्तर मिळाले की तो भाग वेगळ्या पॅकेजात येतो. येत असेल, पण मग निदान पाहून कागदावर लिहून द्यायला हरकत नव्हती, कारण चांगले ट्यून केलेले इंजिन अडकलेल्या बोगीवर चालवण्यात अर्थ नाही. कागदाचीच आणखी एक उणीव : बिलावर नव्या जेटचे क्रमांक, कंप्रेशनचे आकडे, एअर स्क्रूचे फेरे यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते. मी समोर उभी होते म्हणून वहीत टिपून घेतले. ज्याने गाडी सोडून घरी जाणे पसंत केले असेल, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा सगळे उघडून बघावे लागेल.

ब्रेकचे जुने तेल त्यांनी न सांगता बदलले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. थ्रॉटलच्या सेफ्टी स्विचकडेही लक्ष दिले. पोलारिसच्या या जुन्या गाड्यांत थ्रॉटलचा लिव्हर सोडूनही केबल बर्फाने अडकून राहिली, तर हा स्विच इंजिन बंद करतो. केबलला योग्य तेवढा ढिलेपणा नसला, तर तोच स्विच विनाकारण मध्येच इंजिन बंद पाडतो, आणि मालक बिचारा कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

उंदरांचा विषय पॅकेजात नव्हता, पण एअरबॉक्स, म्हणजे कार्ब्युरेटरला हवा पुरवणारी पेटी, उघडल्यावर आत वाळलेल्या गवताचे आणि सीटच्या स्पंजाचे नीटनेटके घरटे निघाले. अशा घरट्याने हवा अडते, मिश्रण रिच होते, आणि माणूस जेट लहान करत सुटतो. म्हणून जेटला हात लावण्यापूर्वी एअरबॉक्स आणि सायलेन्सरचे तोंड पाहावे. मेकॅनिकने ते काढले आणि त्याचे पैसे हसून माफ केले.

पेट्रोलबाबत वर्कशॉपने दिलेला सल्ला मी सर्वांना देईन. मिनेसोटात साध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असते, ते ओलावा धरते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रण आणखी थोडे लीन होते. राज्याच्या कायद्याने जुन्या संग्राह्य मोटारी, बोटी, स्नोमोबाइल आणि लहान इंजिने यांच्यासाठी इथेनॉलविरहित प्रीमियम पेट्रोल विकायला मुभा आहे, आणि अशा पंपावर तसे लेबल लावलेले असते. गॅलनमागे ते महाग पडते, पण हंगामाच्या शेवटी टाकीत राहणारे पेट्रोल तरी याच प्रकारचे असावे, त्यात पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडे चालवावे म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल, आणि इंजिन बंद करण्यापूर्वी आत गंज रोखणारे फॉगिंग ऑइल फवारावे. एवढे केले तर पुढच्या शरदात पायलट जेट उजेडासमोर धरायची वेळ सहसा येत नाही.

एकूण बिल भागांसकट पाचशे डॉलरच्या थोडे वर गेले. त्यातले कार्ब्युरेटर, दाबाची चाचणी आणि क्लच यांचे निम्म्याहून जास्त, आणि तेवढ्यापुरते मी ते पुन्हा आनंदाने देईन. पुढच्या वेळी मी पॅकेज घेणार नाही. फक्त ही तीन कामे सुटी सांगेन, हायफॅक्स आणि बोगी तपासून लेखी द्यायला सांगेन, आणि प्लग-ग्रीस-ऑइल घरी करीन. ज्यांची गाडी फ्युएल-इंजेक्शनची आहे, त्यांना या वर्कशॉपचा विशेष उपयोग नाही. तिथे लॅपटॉप लावणारा डीलरच बरा. ज्यांच्याकडे पंचवीस-तीस वर्षांची कार्ब्युरेटरची गाडी आहे आणि स्वतः जेट काढण्याचा धीर होत नाही, त्यांनी मात्र असा मेकॅनिक शोधावाच, आणि काम चालू असताना शेजारी उभे राहू देतो का हे आधी विचारावे.

सुटे भाग त्याच्याकडे सगळे नसतात. त्यासाठी लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) शनिवार-रविवारी नॉर्थ ब्रँचला भरणाऱ्या ‘हे डेज’च्या जुन्या बाजारात चक्कर टाकावी, तिथे जुन्या इंडीचे हुड, स्की आणि क्लचसुद्धा गवतावर मांडलेले मिळतात, फक्त वापरलेला पट्टा आणि रबरी कॉलर तिथून घेऊ नयेत. वर्कशॉपात नंबर त्याच सुमारास लावावा. पहिले बर्फ पडल्यावर फोन केलात तर नाताळच्या आधी गाडी हाती येण्याची शक्यता कमी, आणि मग घाईघाईत जे काम वगळले जाईल ते नेमके दाबाच्या चाचणीचे असेल.